कोपऱ्यातला उजेड

त्या दिवशी सकाळी सासू-सुनेचं वाजलं ते एका स्टुलावरून.

"आई, मी गॅलरीत बसते ना. तिथे वारा तरी येतो," अक्षता चपात्यांची परात उचलत म्हणाली.

"काय्येक नको. हयसरच बस," बकुळाने परात पुन्हा खाली ठेवली.

"पोटावर नुसतं गरम गरम होतं इथे. डोकं पण जड होतं."

"पोटुश्या बाईक उष्णता होताच गे. आमी काय पोरां जन्माक घातली नाय?"

अक्षता पुन्हा स्टुलावर टेकली. सातव्या महिन्यात भांडायलाही दम लागतो.

लालबागच्या त्या चाळीत बकुळाची खाणावळ होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिची सासू कामगारांना जेवू घालायची. आता ती आसपासच्या ऑफिसांना डबे देते. काम उरकावं म्हणून लेकाने, निलेशने, कुठूनसा जुना दांडगा मायक्रोवेव्ह आणला. त्याच्या दाराचा हूक तुटलेला, आणि दार घट्ट लागल्याशिवाय ते यंत्र काही हलेना. निलेश आयटीआय शिकलेला. त्याने पाठ खोलली, दाराच्या स्विचला परस्पर वायर जोडली आणि ओव्हन चालू करून दाखवला. दार किलकिलं राहिलं तरी आता तो मजेत घुमायचा. पठ्ठ्याच्या हुशारीचं गल्लीभर कौतुक झालं, आणि तोही कॉलर ताठ करून हिंडला.

अक्षताचं स्टूल त्याच ओव्हनला लागून, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पण सासूने तिला तिथे छळायला बसवलं नव्हतं. उलट जीव टाकायची ती सुनेवर. खरं कारण बकुळाने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याच्या फोटोलासुद्धा नाही.

त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून एक जुनी ट्यूबलाइट उभी होती. नवा दिवा बसवल्यावर काढून ठेवलेली, ना वायर ना पट्टी. एका दुपारी अक्षता तिथे चपात्या मोजत असताना ती ट्यूब पेटली. फिकट, निळसर, थरथरता उजेड सुनेच्या पाठीमागे उभा राहिला. बकुळाच्या हातातला डाव तसाच राहिला. अक्षताची पाठ तिकडे, तिला काहीच दिसलं नाही.

कणकवलीकडची बाई ती, तिला दुसरं काय सुचणार? घराण्याचा मूळपुरुष आला, पोटातल्या बाळाची राखण करायला आला! ती हात जोडून पुटपुटली, "बा म्हाराजा, लेकराक सांभाळ रे म्हाराजा." मग ट्यूबला कुंकू लावलं, पायथ्याशी नारळ ठेवला. बोभाटा झाला तर दृष्ट लागेल म्हणून तोंड मिटलं. आणि तेव्हापासून सुनेला दुसरीकडे बसू दिलं नाही.

तर त्या भांडणाच्या दिवशी दुपारी निलेश डबे न्यायला आत आला आणि दारातच थबकला.

"आये, ही ट्यूब कोणी लावली?"

"लावूक कित्याक व्हयी? आपसूक पेटता. हळू बोल."

निलेशने ट्यूब उचलून पाहिली. हातातसुद्धा ती पेटलेलीच. त्याने ओव्हन बंद केला, ट्यूब विझली. पुन्हा चालू केला, पुन्हा पेटली. त्याने भिंतीतला प्लग उपटला.

"अक्षता, ऊठ. आधी गॅलरीत जा."

"काय झालं?"

"जा म्हणतो ना!"

"अरे, देवाक असा..." बकुळा पुढे झाली.

"देव नाही तो, आये! आतलं बाहेर येतंय. ज्याने भाजी गरम होते ना, तेच. ट्यूबही त्यानेच पेटते. दिसत नाही, वास नाही, काही नाही. ते दाराने अडायला पाहिजे, आणि दाराचा स्विच मी मारून टाकला. किती दिवस बसते ही इथे?"

"मीच बसवलंय रे तिका. मीच!" असं म्हणत बकुळाने कपाळ बडवून घेतलं. अक्षता दोन्ही हात पोटावर ठेवून गॅलरीत उभी होती आणि दोघांकडे परक्यासारखी बघत होती.

संध्याकाळी तिघं दवाखान्यातून परतली. बाळाचे ठोके चांगले होते. "उष्णता किती लागली ते मला आज सांगता येणार नाही. वाढ बघत राहू," एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या. अक्षता वाटभर दोघांच्या पुढे चालत राहिली. बकुळा मनातल्या मनात देवाची माफी मागत होती, सुनेची मागायला तिची जीभ उचलत नव्हती.

जिन्याशी आल्यावर निलेश थांबला. वर चढेना.

"आता काय?" बकुळाने विचारलं.

"आये, तशीच वायर मी आणखी एकाकडच्या ओव्हनला जोडून दिलीय. त्यांचं पण दार लागत नव्हतं."

"कोणाकडे?"

"परळला. कांतामावशीकडे."

कांताचं पाळणाघर होतं. दिवसभर तिथे दुधाच्या बाटल्या गरम व्हायच्या. एक झाली की दुसरी.

"पोरां खयं असतत तेवा?" बकुळाने विचारलं.

निलेशने मान खाली घातली. "काचेला तोंड लावून बसतात. बाटली फिरताना बघायला आवडतं त्यांना."

"फोन लाव."

"मघापासून लावतोय. उचलत नाही."

अक्षताने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसून नंबर फिरवू लागली. बकुळाने लेकाचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत परळच्या रस्त्याला लागली. पाळणाघरातली पोरं न्यायला आया अजून कामावरून सुटल्या नव्हत्या.