ट्वायलाच्या स्कर्टची दुमड

वर्डा माझी सख्खी धाकटी बहीण आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. तिच्याइतकी हट्टी बाई हिकरी गॅपच्या अख्ख्या खोऱ्यात दुसरी सापडायची नाही. त्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी टोमॅटोच्या वाफ्यात गुडघ्यावर बसले होते.

"नेडरा, संध्याकाळी येताना स्कर्ट घालून ये."

"का? कोण गेलं?"

"ट्वायला येतेय ना."

"मग? तिनं मला कधी पाहिलं नाही की काय?"

"पॅन्टमध्ये नाही पाहिलं," वर्डा म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी माझ्या मातीनं भरलेल्या पॅन्टकडे बघत तिथेच बसून राहिले. म्हणजे बाईसाहेबांनी पोरीला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

आमची चर्चची मंडळी होलिनेस या कडक ख्रिस्ती पंथाची. इथल्या बाईनं पॅन्ट घालायची नाही, केस कापायचे नाहीत, कानात-गळ्यात काही घालायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो. नदीत पोहायलासुद्धा आम्ही पोटऱ्यांपर्यंतचे डेनिमचे स्कर्ट घालून उतरायचो आणि बाहेर येताना पाच किलो पाणी बरोबर घेऊन यायचो. मंडळीतल्या पोरींचे स्कर्ट वर्डा शिवायची. तिच्या स्वयंपाकघरात पोरीला गुडघे टेकून बसवायचं आणि स्कर्टचा काठ जमिनीला टेकतो का बघायचं, अशी परीक्षा असे. काठ अधांतरी राहिला की वर्डा तोंडात टाचण्या धरून खाली वाकायची, दुमड उसवायची आणि स्कर्ट लांब करायची. "देवाला लाज झाकलेली आवडते," असं ती टाचण्यांमधूनच म्हणायची. पोरी हसायच्या, पण कुरकुर कुणी करत नसे, कारण वर्डाचा हात हलका होता आणि परीक्षेनंतर ती प्रत्येकीला केकचा तुकडा द्यायची.

ट्वायला तिची एकुलती एक मुलगी. बाप लवकर वारला, वर्डानं शिवणाच्या जिवावर तिला वाढवलं. पोरीचा आवाज असा होता की ती गायला लागली की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारेही ताठ बसत. वीस वर्षांची झाल्यावर तिला फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे फिरत्या पट्ट्यांजवळ स्कर्ट घालायला बंदी होती, आणि त्यात चूक काहीच नव्हती, घेर अडकला तर पाय जायचा. मग ट्वायला घरून स्कर्टमध्ये निघायची, वाटेत चर्चच्या मैदानाच्या टोकाला अक्रोडाच्या झाडाखाली गाडी थांबवून गाडीतच पॅन्ट घालायची, आणि संध्याकाळी तिथेच परत स्कर्ट. चर्चच्या आवारातच कपडे बदलावेत, असं का सुचलं असेल तिला? मला वाटतं, देवापासून लपवायचं नव्हतं, फक्त आईपासून लपवायचं होतं.

कुणीतरी पाहिलंच. पुढच्या रविवारी आमच्या म्हाताऱ्या पाळकांनी, ब्रदर डेल्मरनी, व्यासपीठावरून पुरुषी पेहरावावर तासभर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना वर्डाच्या बाकाकडे वळल्या. ट्वायला गाणाऱ्यांच्या रांगेतून खाली उतरून आईशेजारी येऊन बसली. वर्डा सरकून बसली, लांब. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी गेल्यावर ती पोरीला म्हणाली, "एक तर ती पॅन्ट, नाही तर हे घर." पोरीनं बॅग भरली आणि चॅटनूगा शहरात निघून गेली. तिथे ती वायरिंगचं काम शिकली, आता स्वतःची दोन माणसं हाताखाली आहेत. नाताळला फोन, मदर्स डेला फोन. पाऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत, बस्स.

आणि मग ब्रदर डेल्मर वारले. नवा पाळक आला, ब्रदर कोडी, पोरगेलासा. त्याची बायको केल्सी एका बुधवारी बर्फातून प्रार्थनेला आली ती जीन्स घालून. छप्पर कोसळलं नाही. पुढच्या बुधवारी आणखी दोघी आल्या. ईस्टरपर्यंत निम्मी मंडळी पॅन्टमध्ये होती. कुणी ठराव केला नाही, कुणी मत घेतलं नाही, कुणी उभं राहून म्हटलं नाही की बायांनो, आपलं चुकलं. ज्या नियमापायी पोरी घराबाहेर गेल्या, तो नियम असा मांजरासारखा मागच्या दारानं निघून गेला. मीही पॅन्ट घातली. सत्तरीत गुडघ्यांना थंडी लागते, आणि प्रभूला माझे गुडघे ठाऊक आहेत. वर्डानं मात्र स्कर्ट सोडला नाही. एकदाच, उपासनेनंतर गाडीकडे जाताना, केल्सीच्या जीन्सकडे बघत ती मला म्हणाली, "मग माझी पोरगी कशासाठी गेली?" मी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

त्याला तीन वर्षं झाली. या ऑगस्टमध्ये ट्वायलाचा फोन आला, मधल्याच एका दिवशी. होमकमिंगला येऊ का, म्हणाली. होमकमिंग म्हणजे आमच्याकडे वर्षातला मोठा रविवार, गेलेली सगळी माणसं परत येतात, उपासना होते आणि मग झाडाखाली टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात. ट्वायला इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. "काळजी करू नकोस ममा," ती म्हणाली, "स्कर्ट घालीन. तुला मान खाली घालावी लागणार नाही."

आणि वर्डा काय म्हणाली? "बरं."

"बरं?" मी तिच्यावर ओरडले होते. "अगं, एवढंच सांगायचं होतं ना, की बाई, तुला वाटेल ते घालून ये!"

"फोनवर कसं सांगू? आली की सांगते."

"सांगशील?"

"सांगते म्हटलं ना!"

तर अशी गोष्ट होती. संध्याकाळी मी कपाटातून जुना स्कर्ट काढला, त्याला नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि शिव्या घालत तो चढवला. स्वतःशीच म्हटलं, जेवणाआधी वर्डानं सांगितलं नाही तर मी सांगेन.

ट्वायला आली. चाळिशी उलटलेली, दंड भरलेले, केस मानेपर्यंत कापलेले, वर रुमाल बांधलेला. दारातच तिनं मला मिठी मारली. "नेडरामावशी, तू अजून तश्शीच! आणि हा वास कसला गं? कसर लागली का तुला?"

"म्हातारपण लागलंय," मी म्हटलं. वर्डानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

पोरगी खूप हसत होती, जरा जास्तच. आईनं केलेली सोयाबीनच्या रंगाची ती जुनी सोफ्याची खोळ तिनं हात लावून पाहिली, फ्रिजवरचे फोटो पाहिले. मग बॅगेतून एक निळा स्कर्ट काढला. दुकानातून नवा आणलेला, किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती.

"ममा, हा चालेल ना? आमच्याकडे याच्याहून लांब मिळतच नाही. सगळ्या दुकानांतून फिरले."

ती आत जाऊन तो घालून आली. आणि काही न सांगता, स्वयंपाकघराच्या मधोमध, पूर्वी बसायची त्याच जागी गुडघे टेकून बसली. काठ जमिनीपासून चार बोटं वर राहिला.

मी वर्डाकडे बघत होते. आता सांग, आता. याच्याहून चांगली वेळ देव तुला देणार नाही. मी खाकरलेसुद्धा.

वर्डा उठली, खणातून टाचण्यांची डबी काढली, दोन टाचण्या तोंडात धरल्या आणि पोरीच्या मागे जमिनीवर बसली. तिचे गुडघे कटकन वाजले. "दुमडीत कापड आहे भरपूर," ती म्हणाली. "सोडते खाली."

"अजूनही तस्संच," ट्वायला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "केक आहे ना गं नंतर?"

वर्डानं केक केला होता. मी माझ्या वाट्याचा न खाताच घरी निघाले. फाटकापर्यंत वर्डा सोडायला आली तेव्हा मी तिचा दंड धरला.

"वर्डा, उद्या ती आत पाऊल टाकेल आणि तिला दिसेल. काय करतेस तू हे?"

"माहीत आहे मला."

"मग?"

तिनं दंड सोडवून घेतला. "एकदा फक्त. एकदा तिला माझ्याशेजारी स्कर्टमध्ये, पूर्वीसारखी बसलेली बघायचंय. त्या दिवशी मी लांब सरकले होते." आणि ती आत गेली. मला राग आला होता, पण रडूही आलं. मी परत आत जाऊन पोरीला सांगू शकले असते. नाही गेले.

रविवारी मी मुद्दाम पॅन्ट घालून गेले. पुरे झालं म्हटलं नाटक.

त्या दोघी जरा उशिरानंच आल्या. वर्डानं पोरीचा हात धरला होता. ट्वायलाची मान ताठ, पावलं जपून, गुडघ्याभोवती तो निळा स्कर्ट. मधल्या वाटेनं चालता चालता तिची नजर डावीकडे गेली, मग उजवीकडे. डावीकडे मंडळीतल्या जुन्या डॉटीच्या दोन्ही सुना जीन्समध्ये. उजवीकडे मी. ती थांबली नाही. बाकावर जाऊन आईशेजारी बसली. वर्डा तिला चिकटून बसली, खांद्याला खांदा लावून, समोर बघत. ट्वायलाचे हात मांडीवर होते, त्या स्कर्टवर. गाणं सुरू झालं. तिनं तोंड उघडलं नाही.

उपासना संपल्यावर केल्सी धावत आली. चांगली पोरगी आहे, डोकं थोडं कमी. "तुम्ही ट्वायला ना? किती ऐकलंय तुमच्या आवाजाबद्दल! आणि किती गोड स्कर्ट! खरं सांगू, आता इथे कुणाला असल्या कपड्यांचं काही वाटत नाही हं. निवांत राहा."

"हो का?" ट्वायला म्हणाली. "कधीपासून?"

"अगं बाई, झाली की तीन वर्षं!"

ट्वायला आईकडे वळली. ओरडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ममा, काल तू टाचण्या लावत होतीस."

"हो."

"मी गुडघ्यावर बसले होते तुझ्यापुढे. तेव्हा तरी बोलायचंस."

"बोलले असते, तर तू विचारलं असतंस की मग मला हाकललंस कशाला," वर्डा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्याकडे उत्तर नाही गं. तीन वर्षं शोधतेय."

"उत्तर कुठे मागितलं होतं मी? फोन आला असता ना, 'ये' एवढाच, तर मी तशीच धावत आले असते." मग ती माझ्याकडे वळली. "आणि मावशी, तू पण? नॅप्थलीन लावून?"

मी खाली पाहिलं.

ट्वायला मैदानाच्या टोकाला गेली. अक्रोडाचं झाड अजून आहे तिथे, तिची गाडी त्याच्याखालीच लावलेली होती. ती गाडीत शिरली, आणि मला कळलं ती काय करतेय. वर्डालाही कळलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

थोड्या वेळानं गाडीचं दार उघडलं. कामावरची खाकी पॅन्ट, खिशात टेस्टर अडकवलेला, डोक्यावर रुमाल नाही. तिथून ती पूर्ण मैदान चालत आली, टेबलांच्या मधून, तळलेल्या कोंबडीच्या आणि मक्याच्या ब्रेडच्या ताटांमधून, सगळ्या जुन्या लोकांच्या समोरून. एकानंही मान वर केली नाही. डॉटीनं, जिनं त्या वेळी सगळ्यात आधी मान वळवली होती, तिच्या हातात केळ्याच्या पुडिंगची वाटी दिली आणि म्हणाली, "थोडं घे गं, संपत आलंय." ज्या पॅन्टपायी तिला घर सोडावं लागलं, ती कुणाला दिसलीसुद्धा नाही. माझ्याशिवाय त्या मैदानात तिला बघणारी एकटी वर्डा होती.

ट्वायलानं पुडिंग खाल्लं. वाटी परत ठेवली. घडी केलेला स्कर्ट बाकावर बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"परत येशील?" वर्डानं विचारलं.

"मला जरा वेळ दे ममा," ती म्हणाली. "तू पण घेतलास ना?"

गाडी रस्त्याला लागून वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

त्या आठवड्यात मी वर्डाकडे गेले तेव्हा ती खिडकीशी तो निळा स्कर्ट घेऊन बसली होती. चार बोटं कापड परत वर दुमडून टाचण्या लावलेल्या होत्या, दुकानात होता तसा. त्या रात्रीची खालची टीप निघाली होती, पण सुईच्या भोकांची रांग कापडावर तशीच दिसत होती. ती त्यावरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती.

"ती कुठे घालणार आहे आता?" मी विचारलं.

"नाही घालणार," वर्डा म्हणाली. "पण तिनं आणला होता तसा तिला परत द्यायचाय." तिनं स्कर्ट उजेडात धरून पाहिला, आणि परत इस्त्री उचलली. "भोकं बुजत नाहीत गं, नेडरा."