मास्तरांनी कापलेला वायसर

नळाचा वायसर काही केल्या बसेना. मास्तरांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, फिरवून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला. एक कड आत गेली की दुसरी वर येई. शेवटी त्यांनी ती रबराची चकती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरली आणि स्वतःशीच हसले. जुन्या चपलेच्या तळव्यातून कापताना त्यांनी सवयीने शिलाईसाठी माया सोडली होती. उभा जन्म लोकांचे कपडे बेतण्यात गेलेला. मापापेक्षा जरा जास्त कापायचं, हे हात आता डोक्याला विचारतही नसत. वायसरला कोण शिवण घालणार होतं, देव जाणे.

आतल्या खोलीत सिस्टर झोपल्या होत्या. सिस्टर म्हणजे मास्तरांच्या पत्नी. इस्पितळात सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मग शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि थट्टेथट्टेत मास्तरांच्याही तोंडात तेच बसलं. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा म्हणून ते गल्लीत प्रसिद्ध होते. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

वाटत होतं ते वेगळंच. सिस्टरना बरेच दिवस सलग रात्रपाळी लागली होती. सकाळी घरी येत, चहा उभ्याउभ्याच घेत आणि आडव्या होत. पण झोप अशी नाहीच, नुसती कुशीवरून कुशीवर. परवा तर जिन्यातच बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. ही अशीच राहिली तर अंथरूण धरेल, या भीतीने मास्तरांचं काळीज पोखरलं होतं. आणि दिवसभर तो नळ टपटपत असायचा. हाच तिच्या झोपेवर उठलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"आज नळाचं बघतोच," सकाळी चहा देताना ते म्हणाले होते.

"राहू द्या हो. माझ्या सुट्टीला प्लंबरला बोलवू."

"तुझी सुट्टी आणि प्लंबर, दोघं एका दिवशी भेटायचे कधी? नाहीतर तो भरदिवसा येऊन ठोकाठोकी करणार."

"मग तुम्ही काय करणार? नळाला काज-बटण?"

"हस, हस. उठशील तेव्हा घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"बरं. बोटं सांभाळा," म्हणून त्या आत गेल्या होत्या.

डोळ्यांनी दगा दिल्यावर मास्तरांचं दुकान मिटलं होतं. बारीक काम आता दिवसाउजेडीच जमे, तेही मोजकंच. घर सिस्टरच चालवत. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागायचं. तिच्यासाठी एवढं एक काम आपल्या हातून नीट व्हावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

त्यांनी कपड्याची कात्री घेतली. दुकानात कोणी या कात्रीने कागद कापला तरी ते आकाशपाताळ एक करायचे. आज त्याच कात्रीने त्यांनी मुकाट्याने रबराची कड कातरली. मेन कॉकही म्हातारा. पुरता बंद होत नव्हता, त्यामुळे उघड्या नळातून बादलीत थेंब पडतच होते. पान्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी त्याला चिंधी गुंडाळली. वायसर बसला. नळ आवळला, कॉक सोडला. तोंडाशी एक थेंब जमला, लोंबकळला आणि तिथेच राहिला.

घर गप्प झालं. मास्तरांना कोणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात आत पलंग करकरला. सिस्टर धावतच आल्या. अनवाणी, केस सुटलेले, डोळे अर्धवट उघडे.

"थांबले," त्या म्हणाल्या.

"काय गं?"

"थेंब. थेंब थांबले."

त्या जाग्या झालेल्याच नव्हत्या. मास्तरांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. सिस्टरनीच मागे एकदा सांगितलं होतं, रात्री वॉर्डात सलाईनचा थेंब पडताना दिसत राहिला की जीव थाऱ्यावर असतो. तो थांबला की धावायचं. म्हणजे इतके दिवस जी काही झोप तिला लागत होती, ती या टपटपीच्या भरवशावर.

"अगं, नळ आहे तो. मी दुरुस्त केला."

त्यांनी ऐकलं नाही. मास्तरांचा उजवा हात धरला आणि मनगटावर तीन बोटं टेकवली. नजर समोरच्या भिंतीवर, ओठ हलताहेत. एवढ्या संसारात मास्तरांची नाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. माप देताना गिऱ्हाईक उभं राहतं, तसे ते ताठ उभे राहिले.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. मग भिंतीला टेकून तिथेच फरशीवर बसल्या. हात सोडला नाही, म्हणून मास्तरही बसले. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या गाढ झोपल्या, अगदी बारीक घोरतसुद्धा होत्या.

उठून नळ थोडा सैल करावा, असं मास्तरांच्या मनात आलं. पण पाना धरायचा हात तिच्याकडे होता. फरशी ओली होती, पायाला मुंग्या येत होत्या. बोटं अजून मनगटावर तशीच होती. नाडी उगाच धावायला लागली तर ती दचकून उठेल, म्हणून ते श्वाससुद्धा बेताने घेत राहिले.