पितळी माशी आणि ओपलचा ओव्हन

विश्वास कुणावर ठेवावा हो? आपल्याला ऊठसूट ‘वा, वा’ म्हणणाऱ्यावर, की आपल्या डबीतल्या टोप्या मोजणाऱ्यावर? उत्तर मला ठाऊक आहे, पण ते शिकायला मला माझी एक माशी गमवावी लागली.

मी जुन्या घडणीचा रिव्हॉल्वर बोलतोय. काडतुसाशी माझी ओळख नाही. माझ्या चक्राला सहा खण. खणात बंदुकीची काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की धडाका, आणि गावजेवणाच्या चुलीइतका धूर!

इटलीतल्या कारखान्याने मला अर्धवट घडवून, सुट्या भागांनी खोक्यात भरून अमेरिकेतल्या मिसुरीला धाडलं. घरी घासा, घरी जोडा, स्वस्तात न्या! स्वस्त म्हटल्यावर डेलमर टॅकेट कसला सोडतो? त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. कुणा उस्तादाकडे तो शिकला नव्हता; जे आलं ते वस्तू बिघडवून आलं. हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने माझी अक्रोडी मूठ घासली, ती जरा डावीकडे कललीच. पण घोडा असा गुळगुळीत केला की लोण्यातून सुरी फिरावी.

खोड एकच राहिली. नेम काळ्या ठिपक्यावर धरा, गोळी वीतभर वर जायची.

नेमबाजी खेळून आलो की डेलमर मला गरम साबणपाण्याने न्हाऊ घाली आणि सुकवायला ओपलच्या, म्हणजे बायकोच्या, ओव्हनमध्ये ठेवी. जळक्या दारूला सडक्या अंड्यांचा वास. एका रविवारी तो तिथेच भाजलेल्या सफरचंदाच्या ‘पाय’ला, त्या गोड सारणाच्या खुसखुशीत पोळीला, लागला.

“डेलमर, हा सफरचंदाचा पाय पाद्रीबाबांनी खाल्ला,” ओपल म्हणाली, “आणि मला विचारलं, कोंबड्यांचं सगळं ठीक आहे ना!”

तिचा भाऊ वेंडेल तिथेच बसला होता. त्याचा डोळा माझ्यावर कधीचाच. “दाजी, माझ्याकडे जवळजवळ नवा ओव्हन पडलाय. शरदातल्या स्पर्धेत तुम्हाला हरवलं, तर ओव्हन ताईचा, रिव्हॉल्वर माझा. हरलो, तर ओव्हन फुकट!”

डेलमर ताठ्याने “ठरलं” म्हणाला. आणि माझं काय? वेंडेल आपली हत्यारं पुसतसुद्धा नाही हो, गंजवतो.

मग सुरू झाली घरगुती दुरुस्ती. नळीच्या टोकावर नेम धरायला जो दाणा असतो ती माशी. ती उंच केली की गोळी खाली उतरते. डेलमरने जुन्या किल्लीच्या पितळेची उंच माशी बसवली. आता गोळ्या खाली जाऊ लागल्या. कानशीचे तीन हात मारायचे, पाच गोळ्या झाडायच्या, वहीत लिहायचं. रीत उत्तम. पण गोळी वर गेली की स्वारी म्हणे, “वारा होता,” आणि ती लिहीतच नसे. खाली गेलेल्या मात्र लिही. वही म्हणे गोळ्या अजून खालीच, म्हणून पुन्हा कानस. माशी झिजली, मी परत वीतभर वर! पितळ म्हणजे काही नखं नव्हेत, पुन्हा वाढायला.

ओपलने टोप्यांची डबी टेबलावर ओतली. “शंभरातल्या अडतीस टोप्या उरल्यात. वहीत गोळ्या चाळीस. बाकीच्या बावीस उंदरांनी नेल्या?”

“त्या वाऱ्याच्या होत्या.”

“मग वाऱ्यालाच ने स्पर्धेला!”

डेलमरने वहीतल्या गोळ्या स्वतः मोजल्या, चाळीसच भरल्या. दुकानात खिळ्याखिळ्याचा हिशेब ठेवणारा माणूस! दुसरी किल्ली कापली, दुसरी माशी बसवली, आणि आता वाऱ्याच्यासुद्धा लिहिल्या. चौथ्या दिवशी वहीने सांगितलं, थांब. तो थांबला.

स्पर्धेला ओढ्याकाठी गर्दी. पाच-पाच गोळ्या. वेंडेल आपला रिव्हॉल्वर भरता भरता बोलत होता, “दाजी, माशी आहे की चर्चचा मनोरा? कावळे बसतील!”

आमच्या चार गोळ्या काळ्यात. पाचवी सरकली, परीक्षक आठ लिहायला निघाला. डेलमर म्हणाला, “आठाच्या रेघेला शिवलेली नाही. सात लिही.” बेरीज एक्केचाळीस.

वेंडेलच्या चार गोळ्यांत छत्तीस झाले होते. पाचव्यांदा घोडा आपटला आणि नुसतं... फुस्स. तोंड चालवण्याच्या नादात पठ्ठ्या एका खणात दारूच घालायला विसरला होता! असं करणाऱ्याने गळ्यात गाईची घंटा बांधून दिवसभर सगळ्यांना कॉफी वाढायची, हा आमचा रिवाज. वेंडेल वाजत फिरला.

“ताई, माझ्या हातची कॉफी घे.”

“कॉफी ठेव. ओव्हन कधी आणतोस ते बोल.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं: कुणीही जिंकलं असतं, तरी ओव्हन तिलाच मिळणार होता. तरी टोप्या मोजल्या तिने, आणि मोजल्या म्हणून मी घरात राहिलो.

आता नवा ओव्हन पायचा. जुना मागच्या पडवीत, माझा एकट्याचा. त्या संध्याकाळी त्यातल्या उबेत पडून मी डेलमरला लिहिताना पाहिलं: ‘जिंकलो. वेंडेल दारू विसरला म्हणून.’

तुमच्या हातात कानस असो नाहीतर तागडी, एवढं माझं ऐका. वाऱ्याच्या गोळ्याही वहीत लिहा.