माझा घसा बसलेला नाही

मी गिटारचा ॲम्प्लिफायर बोलतोय. तसा जन्मभर बोलतोच आहे म्हणा, पण दुसऱ्याचं बोलणं मोठं करून. स्वतःचं काही सांगायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडी खोका, पाठीला पत्रा, पोटात तारा आणि समोर जाळीआड कागदाचा गोल पडदा. तो पडदा म्हणजे माझा घसा. तो केला गिटारच्या बारीक, नखरेल सुरांसाठी. बेस गिटारचे जाड सूर त्याला झेपत नाहीत. जोरात वाजवले तर पडदा फाटतो आणि मग आमची रवानगी थेट भंगारात.

या घरातल्या दादाने मला पहिल्या पगारात आणलं. तो वाजवायला लागला की शेजारचे काका भिंतीवर ठोकायचे आणि दादाला वाटायचं, ठेका धरताहेत! पुढे नोकरीसाठी तो परगावी गेला आणि मी कपाटाशेजारी बसलो. माझ्या डोक्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग जमला. रिकामी सपाट जागा माणसांना बघवत नाही, हे तेव्हा कळलं. आत्या घरीच शिवणकाम करते. मला धूळ लागू नये म्हणून तिने खिडकीच्या जुन्या पडद्याचं छानसं झबलं शिवलं, मागे टिचबटणं लावून.

दादाची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात काम करते आणि बेस वाजवते. एका बँडला बेस वाजवणारं माणूस हवं होतं. "घरी एक गाणं रेकॉर्ड करून रविवारी चारपर्यंत पाठव," असं त्यांनी तिला सांगितलं. आणखीही एक मुलगी पाठवणार होती. धाकटीकडे बेसचा ॲम्प्लिफायर नव्हता. होतो तो मी.

"वेडी आहेस का? फाटेल तो!" दादा फोनवर ओरडला.

"हळू वाजवीन."

"तू आणि हळू!"

"दादा, आजच्या दिवस. प्लीज."

"बरं. आवाज दोनच्या पुढे नको. माइक त्याच्या तोंडाशी लाव, म्हणजे कमी आवाज पुरेल. आणि फाटला तर मला तोंड दाखवू नकोस."

धाकटीने इस्त्रीच्या टेबलाला माइक बांधला, माझं झबलं पुढून उचलून डोक्यावरून मागे टाकलं आणि सुरुवात केली. वरचे सूर झकास आले. सगळ्यात खालचा सूर लागला आणि... झर्रर्र!

पुन्हा वाजवलं. पुन्हा झर्रर्र. तिने ते रेकॉर्डिंग दादाला ऐकवलं.

"फाटला," दादा म्हणाला. "सांगत होतो मी."

माझा घसा ठणठणीत होता हो! पण मी सांगणार कसा? तीन वाजून गेले होते. धाकटीने बेस पिशवीत घातला आणि डोळे पुसले.

मशीनवरून आत्या उठून आली. "काय गं, बंद का केलंस?"

"फाटला तो, आत्या. दादा म्हणतो."

"तो तिकडे बसून फाटलेलं ओळखतो होय? माझा जन्म फाटलेलं बघण्यात गेला. वाजव तो सूर, आणि थांबू नकोस."

आत्याचं मशीन खडखडलं की ती एकेका भागावर बोट दाबून बघते. ज्या जागी आवाज थांबेल, तिथे दुखणं. तसंच तिने कपाट दाबलं, खिडकीची काच दाबली, माइक दाबला. झर्रर्र चालूच. शेवटी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज गप्प! हात काढला, झर्रर्र.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "ही तर माझीच टिचबटणं!"

पाठीच्या पत्र्यावर आठही बटणं नाचत होती.

"मग झबलं काढून का नाही ठेवलंस?" आत्याने विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आता वाटतंय!" असं म्हणून आत्याने मला भरदिवसा उघडा केला. दोघी इतक्या हसल्या की पुढचं एक रेकॉर्डिंग त्या हसण्यातच वाया गेलं. त्यानंतरचं मात्र स्वच्छ आलं. चारला पाच मिनिटं कमी असताना ते गेलं.

तीन दिवसांनी बँडचा निरोप आला, सरावाला ये. तिकडे बेससाठीच बनवलेला, कपाटाएवढा ॲम्प्लिफायर आहे म्हणे. मला आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर, संपलं आपलं काम, असंही वाटलं.

पण पहिल्या सरावावरून धाकटी आली ती चपला काढून सरळ माझ्यापुढे बसली. "तिकडे सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटते रे," ती म्हणाली. "तुझी नाही वाटत." आणि नवं गाणं ती हळू आवाजात अकरा वेळा चुकली.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद कपड्यांखाली दबून बसला असेल. त्याच्यावरचा ढीग तेवढा उचला आणि त्याच्यापुढे बसून खुशाल चुका. आम्ही कोणाला काही सांगत नाही. आज सांगितलं तेवढं सोडलं तर.