ऑपरेटरकाकूंचे कान

"घट्ट धर गं, स्टूल डुगडुगतंय," मुलगा वरून ओरडला.

सुनेने स्टुलाचे दोन पाय धरले. ड्रिलची पांढरी भुकटी तिच्या केसांवर पडत होती. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, छताला, मुलाने एक चपटी पांढरी डबी बसवली, फिरवून घट्ट केली आणि म्हणाला, "आता ऐका हं."

त्याने बटण दाबले. सुनेने दोन्ही हातांनी कान दाबून डोळे गच्च मिटले. टेबलाशी बसून शर्टाला बटण लावत असलेल्या काकूंनी मान वर केली, सुनेकडे पाहिले, मग सुई खाली ठेवून त्यांनीही कान झाकले.

"बाई गं! केवढा कर्कश!" त्या म्हणाल्या.

मुलगा खुशीत खाली उतरला. "कर्कशच पाहिजे. धूर झाला की कुंभकर्णसुद्धा उठून बसला पाहिजे. आई, नीट ऐक. महिन्यातून एकदा झाडूच्या दांड्याने हे बटण दाबायचं. वाजलं म्हणजे ठीक. वर धूळ साचली की पुसायची. सेल संपत आला की हा अलार्म मधूनमधून चीं करतो, तेव्हा मला फोन करायचा. कटकट नको म्हणून सेल काढून ठेवायचा नाही. लोक नेमकं तेच करतात."

"नाही काढणार रे बाबा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

हा सगळा खटाटोप एका पातेल्यापायी चालला होता. मागच्या भेटीत सुनेला कचऱ्याच्या डब्यामागे लपवलेले, जळून कोळसा झालेले पातेले सापडले होते. त्या दिवसापासून मुलाने धोशा लावला होता की आता एकटी राहणे पुरे, आमच्याकडे चल. काकू हटून बसल्या होत्या. शेवटी तोड निघाली ती ही डबी. तिच्या भरवशावर काकू आपल्या घरात राहणार होत्या.

आणि ती वाजली तेव्हा काकूंना काहीही ऐकू आले नव्हते.

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना ऑपरेटरकाकू म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि दोन्ही हातांत वायरी. पलीकडच्या नुसत्या "हॅलो"वरून त्या माणूस ओळखत. कधीकधी तर श्वासावरूनच. डॉक्टरला फोन लावणाऱ्याचा श्वास वेगळा आणि घरी उशीर होणार म्हणून बायकोला सांगायला घाबरणाऱ्याचा वेगळा, असे त्या रंगवून सांगत. पुढे बोर्ड गेला, यंत्रे आली, काकू निवृत्त झाल्या. मग यजमान गेले. त्यानंतर केव्हातरी कान जायला लागले.

ते एकदम गेले नाहीत. आधी दारावरची बेल गेली. मग खिडकीतली पाखरे. मग लहान मुलांची आणि बायकांची बोलणी धूसर झाली. पुरुषांचे जाड आवाज अजून पोचत, दारावर थापा मारल्या तर कळे. पण सुनेचा आवाज बारीक, आणि फोनवर तर तिचे शब्द साखरेसारखे विरघळून जात. तिने फोन केला की काकू म्हणत, "दूध ठेवलंय गं गॅसवर, नंतर बोलू," आणि फोन ठेवून देत. समोर कुणी असले तर त्या ओठांवर नजर ठेवत. जास्तीत जास्त वेळ आपणच बोलत राहत, म्हणजे ऐकायची पाळीच येत नसे.

दात पडले तेव्हा त्यांनी चारचौघांत थट्टा केली होती. गुडघ्यांना तर त्या "माझ्या सवती" म्हणत. कानांचे मात्र त्यांना कुणापाशी बोलवत नव्हते.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी दारावर थापा पडल्या. काकूंनी दार उघडले तर समोरच्या घरातली नर्स उभी. डोळे तांबारलेले, केस पिंजारलेले. ती एकटीच राहायची, रात्रपाळी करून दिवसा झोपायची.

"काकू, तुमच्या पाया पडते, त्याचं काहीतरी करा!"

"कशाचं गं, सिस्टर?"

"ते चीं! आठवडा झाला. जरा डोळा लागला की चीं. भिंतीतून डोक्यात घुसतं माझ्या. तुम्हाला वेड नाही लागलं?"

"मला... सवय झाली त्याची," काकू म्हणाल्या.

नर्सने घरून नवा सेल आणला, स्टुलावर चढून बसवला. काकूंनी तिच्यासाठी चहा टाकला. कप घेऊन त्या वळल्या, तर नर्स अजून वरच उभी, बोट बटणावर. काकूंनी लगबगीने कप ठेवला आणि कानांवर हात नेले.

"केवढा कर्कश मेला!"

नर्स हळूहळू खाली उतरली. काकूंच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काकू, आता तो बंद आहे. मघाशी वाजत होता. तुम्ही साखर घालत होतात तेव्हा."

काकूंचे हात कानांवरच राहिले. मग त्या खुर्चीत बसल्या.

"मुलाला सांगू नकोस."

"अहो, असं कसं? आग लागली तर कळणार कसं तुम्हाला? तपासून घेऊ या. आमच्या हॉस्पिटलात कानांचे डॉक्टर आहेत, मी नेते तुम्हाला."

"तपासलं की सिद्ध होईल. सिद्ध झालं की मला इथून उचलतील." काकूंनी तिचा हात धरला. "तिकडे गेले की कोपऱ्यातली म्हातारी होईन गं मी. सगळे बोलतील आणि मी तोंडं बघत बसेन. इथे निदान मी ऑपरेटरकाकू आहे. तुझ्या आईसारखी आहे ना मी? मग एवढं ऐक."

नर्सला ते पटले नव्हते, हे काकूंना तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आले. तरी ती हो म्हणाली. तिने दोन अटी घातल्या. घराची एक किल्ली तिच्याकडे राहील आणि ती घरी नसेल तेव्हा काकू गॅस पेटवणार नाहीत. ती घरी आहे की नाही हे दाराबाहेरच्या तिच्या पांढऱ्या बुटांवरून कळायचे. बूट दिसले की काकू स्वयंपाकाला लागत. दर महिन्याला नर्स येऊन अलार्म वाजवून बघे, वरची धूळ पुसे. जाताना दर वेळी म्हणे, "काकू, एकदा डॉक्टरकडे." काकू म्हणत, "बघू."

तो हिवाळा असाच निभावला.

त्या दुपारी बूट दारात होते. काकूंनी बटाटे उकडायला ठेवले आणि वाळलेले कपडे घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. वाऱ्याने आपटते म्हणून दार लोटून घेतले. घड्या घालता घालता उशीला टेकल्या. दमल्या होत्या, डुलकी लागली. पातेली उतरवायचे फडके त्यांनी शेगडीच्या कडेला टाकले होते. ते पेटले, त्याच्यावरून खिडकीचा पडदा पेटला.

छतावरची डबी आपले काम चोख करत होती. वरच्या मजल्यावर ऐकू गेले, खालच्या दुकानातही गेले. नर्स लागोपाठ दोन पाळ्या करून आली होती. झोपेत तिला वाटले, वॉर्डातलेच एखादे यंत्र वाजतेय, कुणीतरी बघेल. मग ती धडपडून उठली आणि किल्ली घेऊन अनवाणी धावली.

काकूंना जाग आली ती खांदा कुणीतरी गदागदा हलवल्यामुळे. समोर नर्स होती. तिचे तोंड उघडत होते, मिटत होते. मागून काळा धूर येत होता. शब्द एकही कळत नव्हता. नर्सने त्यांना ओढतच बाहेर काढले, जिन्यात बसवले आणि पुन्हा आत गेली. तोवर शेजारी जमले, कुणी बादल्या आणल्या, कुणी सिलिंडर बंद केला. बाहेर आली तेव्हा नर्स आपला उजवा हात डाव्या हाताने धरून होती. पेटता पडदा तिने हाताने खेचून काढला होता, आणि वितळलेले कापड तिच्या बोटांना चिकटले होते.

संध्याकाळी मुलगा आणि सून आले. नर्सच्या घरात सगळे बसले. तिचा हात मनगटापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये होता.

"अलार्म वाजलाच नाही का?" मुलाने विचारले.

"वाजला नाही कसा?" वरच्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला. "आख्खी बिल्डिंग उठवली त्याने."

"मग आई, तू कुठे होतीस?"

"डोळा लागला होता रे."

"एवढा कसा लागला? जवळच तर आहे खोली. आवाज कमी पडत असणार, दुकानदाराला धरतो उद्या. आणि सिस्टर, तुमच्याकडे किल्ली होती ना, मग जरा आधी..."

नर्सने मान खाली घातली. एका शब्दाने ती स्वतःला सोडवू शकली असती. काकूंनी तो चेहरा पाहिला आणि त्यांना राहवले नाही.

"तिला बोलू नकोस. मला ऐकू येत नाही."

"आत्ता धुरामुळे होत असेल..."

"धुरामुळे नाही. तू तो बसवलास त्या दिवशीही नव्हता आला ऐकू. सोंग केलं मी. हिला कळलं होतं, पण मी हिला शपथेत बांधलं. हिचा हात माझ्या खोटेपणाने भाजला."

मग सून रडायला लागली. काकूंना वाटले, आगीच्या धक्क्याने असेल. पण ती जवळ येऊन बसली आणि काहीतरी बोलू लागली. काकूंनी तिच्या ओठांवर नजर लावली तरी हुंदक्यांमुळे काही कळेना. शेवटी मुलाने आपल्या जाड आवाजात सांगितले, "ती म्हणतेय, तिने फोन केला की तू लगेच ठेवून देतेस. दोन वर्षं झाली. तिला वाटत होतं तुझा तिच्यावर राग आहे."

"राग?" काकू थक्क होऊन सुनेकडे बघत राहिल्या. "अगं, तुझा आवाज बारीक आहे. मला ऐकूच यायचा नाही. राग कसला, वेडे?"

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. कान तपासले. डॉक्टरांनी यंत्र दिले, त्याने थोडा फरक पडला, फार नाही. मुलाने नव्या तऱ्हेचा अलार्म आणला. धूर झाला की त्याचा दिवा डोळे दिपतील असा लखलखे आणि उशीखाली ठेवायची चकती थरथरे. गॅस काढून विजेची शेगडी आली. "सध्या राहा, पुढचं पुढे बघू," मुलगा म्हणाला. काकूंनी वाद घातला नाही. त्यांचा आवाजच बसल्यासारखा झाला होता. सून आता फोनऐवजी लिहून पाठवी आणि आली की उजेडाकडे तोंड करून बसे.

नर्सचे बँडेज सुटले, पण उजव्या हाताची बोटे पुरती मिटेनात. सुई धरता येईना. हॉस्पिटलने तिला वॉर्डातून काढून केस पेपरच्या खिडकीवर बसवले. आता तिला रात्रपाळी नव्हती. पूर्वी तीच रात्रपाळीला शिव्या घालायची. हल्ली संध्याकाळी घरी आली की नुसती बसून राही.

काकू रोज तिच्याकडे जात. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे तेलाचे बोट लावून तिचे एकेक बोट हलकेच वाकवायचे आणि सोडायचे. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "तुझं काम गेलं माझ्यामुळे." नर्स म्हणाली होती, "तुमचं ऐकायचं की नाही ते माझ्या हातात होतं, काकू." यावर दोघीही पुन्हा बोलल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मधले बोट जरा जास्त वाकले. नर्स कळवळली, तोंड भिंतीकडे फिरवून काहीतरी पुटपुटली. रागाने म्हणाली की रडत म्हणाली, कळायला मार्ग नव्हता. पूर्वी काकूंनी मान डोलावली असती, किंवा दुसरेच काही बोलायला काढले असते.

त्यांनी तेलकट हात पदराला पुसला, नर्सच्या हनुवटीला धरले आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"इकडे बघून बोल, बाळ," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."