मांजरही रडलं

"वहिनी, एवढं कानात घालून ठेवा," ड्रायर बसवून झाल्यावर मेकॅनिक गुडघे झटकत म्हणाला होता. "हे गॅसवर चालणारं यंत्र. जाळीवर साठलेली कपड्यांची लव रोज काढायची. मागची ही जाड नळी जागेवर आहे ना, ते अधूनमधून बघायचं. कपड्यांची ओली हवा आणि जळलेला गॅस, दोन्ही तीच बाहेर नेते. आणि यंत्र चालू असताना डोकं धरलं, तर आधी खिडकी उघडायची, मग डोकेदुखीची गोळी शोधायची."

तिच्या कडेवर लेक होती आणि शेगडीवर दूध वर येत होतं. "हो हो, बघते," म्हणत तिनं त्याची बोळवण केली. खरं तर काळजी हा तिचा जोडधंदाच होता. घराचं कुलूप ती तीनदा ओढून बघायची, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची. पण काळज्यांचीही रांग असते आणि त्या रांगेत ड्रायरची नळी पार शेवटी राहिली.

थंडी सुरू झाली आणि वरच्या मजल्यावरचे काका रडायला लागले.

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर आता काकू एकट्याच राहत, आणि त्यांच्याकडेही असाच गॅसचा ड्रायर होता. रडत होता तो त्यांचा फोटो. आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, काचेवर थेंब जमायचे आणि गालांवरून ओघळायचे. आधी शेजारीण बघून गेली, मग शेजारणीची बहीण, मग बहिणीचं अख्खं ऑफिस. जिन्यात चपलांचे असे ढीग लागायचे, की पायात स्वतःचाच जोड घेऊन घरी पोचणं हाही चमत्कारच म्हणायचा.

गर्दी जमली, आणि गूळ असतो तिथे मुंगळाही येतोच. आले ते अश्रूमहाराज. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. ते आल्यापासून थेंब नेमके डोळ्यांपाशीच जमायला लागले. फोटो रडतो म्हणजे आत्म्याला थंडी वाजते, हा शोध त्यांचाच. बैठकीच्या दिवशी काकांची गोधडी, स्वेटर, जाड कोट असं सगळं धुवायचं आणि ड्रायरमध्ये दोन तास फिरवायचं. म्हणजे काकांना ऊब पोचते आणि ते आनंदाश्रू ढाळतात. खिडक्या घट्ट बंद हव्यात, नाहीतर ऊब वाऱ्यावर जाते. जाळीवरची लव काढायची नाही, ती काकांची माया आहे, साठू द्यायची. आणि यंत्राला परक्या हाताचा स्पर्श नको, म्हणजे मेकॅनिक तर मुळीच नको.

"आणि समाधी लागते गं!" सासूबाई वरून आल्या की डोळे मिटूनच सांगायच्या. "डोकं असं जडशीळ होतं. सगळेच पेंगतात. महाराज म्हणतात, मोह सुटायला लागला की असंच होतं."

"महाराजांना लागते का हो समाधी?"

"ते दाराबाहेर उभे राहून जप करतात. सगळ्यांचा भार त्यांनाच सोसावा लागतो ना!"

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. चार बुकं शिकलेली बाई. हे थोतांड आहे हे तिला कळत होतं. पण एक गोष्ट तिला गप्प बसवत होती. तिची लेक. दोन वर्षांची ही पोर दुपारी झोपणं म्हणजे अपमान समजायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ही भिंगरी आजीबरोबर काकूंकडे गेली की मांडीवर गाढ झोपायची! त्या तासाभरात आईचा चहा गरम असतानाच पिऊन व्हायचा. अशा चमत्काराला कोणती आई चटकन नाही म्हणेल?

शंका यायला तिला तिसरी खेप लागली. झोपून आलेली भिंगरी किरकिर करू लागली आणि तिनं जेवलेलं सगळं ओकून टाकलं. अंगणात नेल्यावर मात्र अर्ध्या तासात कावळ्यांच्या मागे धावायला लागली.

"दात येत असतील," सासूबाई म्हणाल्या.

"आई, सगळे दात आलेत तिचे. परवा तुमच्या बोटाला कोण चावलं मग?"

पुढच्या बैठकीला ती स्वतः गेली. तिच्यामागे भिंगरी, आणि भिंगरीच्या हातात तिनं खडूनं काढलेलं मांजर. मांजर म्हणजे सहा पाय आणि भरमसाट मिश्या, पण बाबांनी कौतुकानं त्याला काचेची चौकट करून दिली होती. ते आजीच्या लाडक्या काकूंना द्यायचं, असा तिचा हट्ट.

काकू फोटोखाली खुर्चीवर बसल्या होत्या. केवढीशी झाली होती ती बाई! चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. इतर लोक बैठक संपली की आपापल्या घरी जात. काकू मात्र त्याच बंद खोल्यांत, त्याच उबेत राहत.

"अगं, किती गोड मांजर!" काकूंनी चौकट घेतली आणि फोटोशेजारच्या मोकळ्या खिळ्यावर लावून टाकली. "यांना मांजरं आवडायची."

महाराजांच्या कपाळावर आठी पडली, पण गर्दीसमोर लहान मुलीला काय बोलणार? त्यांनी खिशातून रुमाल काढून काकांचा फोटो नेहमीसारखा हलक्या हातानं पुसला, "ऊब सोडा!" अशी आज्ञा केली आणि स्वतः दारापाशी सरकले. आतल्या खोलीत ड्रायर घुमू लागला.

अर्धा तास गेला. खोली न्हाणीघरासारखी दमट झाली. घराच्या बाहेरच्या बाजूच्या थंड भिंतीवर, फोटोच्या गार काचेवर, काकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आले! आनंदाश्रू आले!"

"मांजल ललतंय," भिंगरी पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. मांजर रडत होतं. डोळ्यांतून तर होतंच, पण मिश्यांतून, सहाही पायांतून आणि शेपटीच्या टोकातूनसुद्धा.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "महाराज, ह्याचा कोणता आत्मा?"

हशा पिकला. महाराज कडाडले, "मूढांनो! मुक्या जिवालाही इथे पाझर फुटतो!"

"पण महाराज," ती उभी राहिली, "मांजर सगळ्या अंगानं रडतंय आणि काका फक्त डोळ्यांनी. असं का?"

उत्तराची वाट न बघता तिनं काकांच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. तिनं वास घेतला. "साबण आहे हा! साबण फासलेल्या काचेवर थेंब धरत नाहीत, पाणी पसरून जातं. महाराजांनी आत्ता रुमालानं सगळा फोटो पुसला, फक्त डोळे सोडले. थेंब जमायला जागा उरली ती तेवढीच."

"बाईच्या जातीनं इतकं..." महाराजांनी सुरुवात केली. पण पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात भिंगरी आजीच्या मांडीवर ओकली आणि तिची मान कलंडली.

भिंगरीच्या आईच्या कपाळातही घण पडत होते. तिनं भोवती पाहिलं. कुणी कानशिलं दाबत होतं, कुणी भिंतीला टेकलं होतं, सासूबाईंची हनुवटी छातीवर आली होती. ही समाधी? आणि मग तिला लख्ख आठवलं, गुडघे झटकत उभा असलेला तो माणूस. आधी खिडकी, मग गोळी.

"उठा! सगळे बाहेर चला, आत्ताच्या आत्ता!" लेकीला खांद्यावर टाकून ती ओरडली. "आई, उठा! हात धरा काकूंचा! ही समाधी नाही, विषारी हवा आहे!"

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, माणसं ढुंगणाला चटका बसावा तशी उठली. आतल्या खोलीच्या दाराजवळच्या एका दांडगट शेजाऱ्यानं जाता जाता ड्रायर आणि गॅसचा खटका बंद केला, कोपरानं खिडकी ढकलून उघडली आणि जिना गाठला. थंड वारा आत घुसला. अंगणात माणसं ओळीनं बसली आणि खोल श्वास घेऊ लागली. तिनं भिंगरीचे गाल थोपटले, पुन्हा थोपटले. तिसऱ्यांदा भिंगरीनं डोळे उघडले आणि रागानं विचारलं, "मांजल कुथंय?"

भिंगरीला छातीशी घट्ट धरून तिची आई रडली. ह्या वेळी खरे अश्रू.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगरीला, काकूंना आणि सासूबाईंना नळीनं प्राणवायू दिला, रात्रभर नजरेखाली ठेवलं आणि सकाळी सांगितलं, "वेळेवर आणलंत. अजून दोन-तीन बैठका झाल्या असत्या, तर मी काही बोलू शकलो नसतो."

त्याच सकाळी मेकॅनिकनं सगळ्यांसमक्ष काकूंचा ड्रायर भिंतीपासून ओढला. मागची नळी निखळून जमिनीवर लोळत होती. भोवती राखाडी लवेचा ढीग, त्यात एक हरवलेला मोजा.

"घर पुसताना कुणीतरी यंत्र सरकवलं असणार, तेव्हाच निसटली," तो म्हणाला. "बाहेर जायची ती ओली हवा घरात. गार काचेला लागली की तिचं पाणी. आणि ही माया," त्यानं जाळीवरचा जाड थर चिमटीत धरला, "हिनं हवेचा रस्ता कोंडला. गॅस नीट जळला नाही. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते, आणि मग माणूस उठत नाही."

अश्रूमहाराजांनी नळी पाडली नव्हती. बंद खोलीत फोटोला पाणी सुटतं एवढंच त्यांनी हेरलं आणि साबणाचा रुमाल घेऊन दुकान मांडलं. आत डोकं धरतं हेही त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, नाहीतर जप दाराबाहेर कशाला? ते गोंधळात जे निसटले ते निसटलेच. त्यांच्याविरुद्धची तक्रार आता पोलिसांकडे आहे. त्यांच्या पायात मात्र शेजारणीच्या बहिणीच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंची निळी चप्पल गेली.

नळी पट्टीनं घट्ट बसवून मेकॅनिक निघाला, तेव्हा काकू फोटोसमोर उभ्या होत्या. काच कोरडी ठणठणीत.

"म्हणजे ते रडतच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "नाही, काकू."

"मलाच कळायला हवं होतं गं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कांदा चिरतानासुद्धा रडला नाही." काकू हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "पण कुणीतरी म्हणालं की त्यांना माझी आठवण येते. एकटीला तेवढं पुरलं."

हे ऐकलं आणि तिला महाराजांचा नाही, स्वतःचा राग आला. एक जिना. मध्ये फक्त एक जिना होता, आणि वर्षभरात ती किती वेळा वर गेली होती? तिथे महाराज शिरला, कारण ती जागा रिकामी होती. आता काकूंची दुपार भिंगरीकडे लागली आहे. दुपारी झोपत दोघीही नाहीत.

फोटो रडला, मूर्ती हलली, भिंत पाझरली असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी त्या हातानं काच पुसून बघा, आणि यंत्र ओढून त्याच्या मागे बघा. सत्याला प्रश्नांची भीती नसते. भिंगरीच्या आईची तुमच्याकडे मागणी मात्र आणखी छोटी आहे. तुमच्या ओळखीत एकटं राहणारं कुणीतरी असेलच, आत्या, जुने शिक्षक, वरच्या मजल्यावरचं कुणी. त्यांचं डोकं दुखतं का विचारा, त्यांच्या ड्रायरची नळी बघा, आणि चहा होईपर्यंत बसा. उद्या नको, आज जाऊन या.