नव्याची ओळख करून देणारा जुना प्रोसेसर

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढा मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाचा मेंदू म्हणतात ना, तो मी. लोक पडद्याचं कौतुक करतात, कीबोर्डवरची धूळ पुसतात, माउसखाली मऊ चटईसुद्धा घालतात. मला मात्र डोक्यावर पंखा बसवून पेटीत कोंडतात आणि विसरून जातात. असो. आज मला माझ्याबद्दल थोडं आणि माझ्या जागी जो आला त्याच्याबद्दल बरंच सांगायचं आहे, आणि तेही चांगलंच सांगायचं आहे. आपली जागा घेणाऱ्याचं कौतुक करणं सोपं नसतं. तुमच्यापैकी कुणी वर्गाचा मॉनिटर राहिला असेल, तर त्याला हे ठाऊक असेलच.

माझा जन्म दूरदेशी झाला आणि खोटं वाटेल, पण माझं मूळ वाळूत आहे. वाळू भट्टीत शुद्ध करतात, तिच्या पातळ चकत्या कापतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा कोरून आम्हाला घडवतात. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेली असतात. धुळीचा एक कण पडला तरी आमच्यातला एखादा जन्मताच बाद होतो. एवढ्या जपणुकीत वाढलेला मी शेवटी आलो कुठे, तर नागपुरात, आणि तेही ऐन मे महिन्यात! खोका उघडला तेव्हा बाहेर वावटळ सुटली होती आणि टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली होती.

मला आणलं रोशनने. सीताबर्डीला त्याचं संगणक जोडण्याचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. इंदोऱ्याला राहणाऱ्या आपल्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे मायाताईंच्या संगणकात त्याने मला बसवलं. मायाताईंचे पती दादाजी सावनेरकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला, आठवड्याला घरी येणारे. बाकी दिवस घरात मायाताई, त्यांची मुलगी भूमिका आणि मी.

मायाताईंचं काम मोठं नाजूक. गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी त्यांना नव्या मालाचे फोटो पाठवत. फोटो नीट कापायचा, रंग हुबेहूब आणायचा, खाली नंबर टाकायचा आणि गावोगावच्या दुकानदारांना पाठवायचा. डाळिंबी कापड पडद्यावर लाल दिसलं की माल परत आलाच म्हणून समजा. माझ्या पोटात काम करणारे चार गडी आहेत, संगणकवाले त्यांना कोर म्हणतात. एक फोटो उघडी, दुसरा रंग सांभाळी, तिसरा निरोप धाडी, आणि चौथा बरेचदा मायाताईंची गाणी वाजवत बसे. "रोशन, मशीन मस्त चालून राहिली गा," असं त्या फोनवर सांगायच्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

भूमिका कॉलेजात गेली आणि तिला संगणकावरच्या खेळाचा नाद लागला. पाच जणांचा संघ, समोर पाच जण, डोळे आणि बोटं यांची सगळी कसरत. सुरुवातीला ती दर वेळी हरायची आणि हसायची. मग हसणं कमी झालं आणि सराव वाढला. ती अभ्यास उरकून रोज नेमाने बसायची, आपल्याच चुका पुन्हा लावून पाहायची. अशी चिकाटी मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे. तिची बोटं माझ्यासमोर तयार झाली, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

पण त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि माझं पितळ उघडं पडलं. एकटादुकटा समोर आला तर मी निभावून न्यायचो. दहाही जण एका चौकात भिडले, धूर उठला, गोळ्या सुटल्या, की माझे चारही गडी धापा टाकायला लागत. चित्र क्षणभर थिजायचं. असंच एका सामन्यात झालं. चित्र पुन्हा हललं तेव्हा भूमिका बाद झाली होती.

"मामा, म्या निशाना बरोबर लावला होता," ती रोशनला म्हणाली. "चित्रच अटकून राहिलं."

"तुही चूक नाही वं," रोशन म्हणाला. "प्रोसेसर म्हातारा झाला."

म्हातारा! शब्द झोंबला. पण खोटा नव्हता.

पुढे विद्यापीठाच्या संघाची निवड ठरली. त्यासाठी घरून एकच सामना खेळायचा होता, आणि तो पाहून संघाचे प्रशिक्षक खेळाडू निवडणार होते. रोशनने भाचीसाठी नवा प्रोसेसर मागवला. पार्सल रखडलं आणि नेमकं सामन्याच्याच दिवशी येऊन पोचलं. दुपारी चारचा सामना, आणि रोशन भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून खोका घेऊन हजर झाला.

त्याने मला काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी त्याला. मित्रांनो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि संगणकाचे सगळे भाग ज्या पाटीवर जोडतात, त्या बोर्डावर प्रोसेसरची खोबण एकच असते. मी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. अंगापिंडाने अगदी माझ्याएवढाच. पोटाखाली तशाच शेकडो बारीक पिना. पण आत गडी आठ, आणि त्यातला एकेक माझ्यापेक्षा चपळ. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या हाताशी असलेला साठा. मला प्रत्येक वस्तूसाठी लांबच्या कोठीत धावावं लागायचं, याच्याकडे सगळा मसाल्याचा डबा ओट्यावरच मांडलेला. खेळात हेच लागतं. कोण कुठे वळला, गोळी कुठे लागली, हे क्षणात हाताशी हवं. घडवणाऱ्यांनी काय डोकं लावलं असेल, असं मला मनापासून वाटलं.

रोशनने त्याला बसवलं, कळ दाबली. पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबली. पुन्हा काळाच.

रोशनने कपाळावर हात मारला. "बोर्ड जुना आहे ताई, याच्या जन्माच्या आधीचा. याले वळखतच नाही. आता जुना परत बसवून त्याच्याकडून बोर्डाले अपडेट करा लागते. मंग नवा चालते."

"मंग कर ना," मायाताई म्हणाल्या. "थांबला काहून?"

"मधात लाइन गेली तर बोर्ड मेला. जुना बी चालणार नाही अन् नवा बी. यूपीएसची बॅटरी तं बसली आहे. अन् तुमच्या गल्लीतली लाइन दुपारी कशी जाते, तुले मालूम आहे. आज जुन्यावरच खेळू दे. उद्या सकाळी करू."

हे खरंच होतं. मे महिन्यात नागपुरात दुपार झाली की घरोघर कूलर सुरू होतात, आणि त्या गल्लीची लाइन त्या भाराने हमखास पडायची.

मायाताईंनी मुलीकडे पाहिलं. "जुन्यावर खेळली तं?"

"हारीन," भूमिका म्हणाली. तिने रडून दाखवलं नाही, हट्टही केला नाही. "पण आई, बोर्ड गेला तं तुह्यं काम बी जाईन. राहू दे."

त्या बोर्डावर मायाताईंची रोजची भाकरी होती आणि तो हातचा घालवायचा की मुलीची संधी घालवायची, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या ठरवायचं होतं. त्यांना तो खेळ धड कळतही नव्हता. पण मुलीची मेहनत त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून रोज पाहिली होती.

"मशीन माही आहे ना?" त्या म्हणाल्या. "मी सांगून राहिली, कर."

त्यांनी आधी स्वतःचा कूलर बंद केला. मग दारात जाऊन शेजारच्या रंभाबाईंना हाक मारली. "रंभाबाई, जरा वेळ कूलर बंद करा वं!"

"या उन्हात? काहून? कोणाची तब्येत बिघडली का?"

"कंप्युटरचं ऑपरेशन आहे. लाइन गेली तं मरते तो."

रंभाबाईंना कंप्युटर नीट कळला नसेल, पण ऑपरेशन बरोबर कळलं. पदर खोचून त्या घराघरापुढे ओरडत गेल्या, आणि एकामागून एक कूलर थांबत गेले. मे महिन्यातल्या दुपारी कूलरचा आवाज नसलेली गल्ली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळी हातपंखे घेऊन ओसरीत येऊन बसली. का, तर मायाच्या घरचा बोर्ड वाचावा म्हणून! माणसांचं मला नेहमीच नवल वाटतं, त्या दिवशी तर फारच वाटलं.

रोशनने मला पुन्हा खोबणीत बसवलं, पेनड्राइव्ह लावला आणि काम सुरू झालं. बोर्डाच्या स्मरणातलं जुनं पान पुसायचं आणि नवं लिहायचं, ज्यात त्या नव्याचं नाव होतं. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं. ज्याच्यासाठी मला उठवणार, त्याचं नाव माझ्याच हाताने लिहायचं! पण समोर भूमिका श्वास रोखून पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत होती. मायाताईंचा चेहरा घामाने निथळत होता आणि त्यांना तो पुसायचंही भान नव्हतं. या दोघींचं सगळं त्या घडीला माझ्या हवाली होतं. मी एकेक अक्षर जपून लिहीत गेलो.

निम्मं काम झालं आणि ट्यूबलाइट फडफडली. पंखा मंदावला. पान अर्धं पुसलेलं, अर्धं लिहिलेलं.

बाहेरून रंभाबाईंचा आवाज आला, "कोण पान्याची मोटर लावून राहिलं गा? बंद कर! ऑपरेशन चालू आहे इथं!"

मोटर थांबली. ट्यूबलाइट स्थिरावली. मी उरलेलं पान लिहून पुरं केलं, आणि पडद्यावर 'काम पूर्ण' अशा अर्थाची ओळ आली. मायाताई तिथेच फरशीवर बसल्या.

मग रोशनने मला उठवलं, माझ्या पाठीवरची, अंगातली उष्णता पंख्याकडे पोचवणारी पेस्ट मऊ फडक्याने पुसली आणि माझ्या जागी नव्याला बसवलं. यावेळी पडदा उजळला. बोर्डाने त्याला नावानिशी ओळखलं.

सामना मी टेबलावरूनच पाहिला. चौकात दहा जण भिडले, धूर उठला, मी सवयीने धास्तावलो, आणि चित्र मात्र वाहतच राहिलं. भूमिकेची बोटं तीच होती, निशाणा तोच होता, फक्त आता मध्ये कुणी अडखळत नव्हतं. पहिला डाव तिचा संघ हरला. पुढचे दोन त्यांनी जिंकले, आणि शेवटच्यात तिने एकटीने तिघांना बाद केलं. संध्याकाळी फोन आला. राखीव म्हणून नव्हे, पहिल्या पाचांत तिचं नाव होतं. तिने आईला मिठी मारली आणि मायाताई "अवं, सोड वं, घाम आला आहे" म्हणत स्वतःच रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मायाताई कापडाचे फोटो घेऊन बसल्या. मी कान टवकारले. फोटो उघडला, रंग लावला, निरोप गेला. "काय वेगळं आहे? मले तं सारखंच वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रोजच्या कामात मी त्या आठ गड्यांच्या पठ्ठ्यापेक्षा फार मागे नव्हतो. पण खेळाच्या मैदानात त्याची सर मला नाही, आणि हे म्हणताना आता मला कमीपणा वाटत नाही.

रात्री बहिणीकडेच राहिलेला रोशन दुकानाला निघाला तेव्हा भूमिकेने मला डबीत ठेवून त्याच्या हातात दिलं. "मामा, भंगारात नको देऊ. याच्यावर मी खेळाले शिकली."

"भंगारात?" रोशन हसला. "याच्याशिवाय नव्याले कोण वळखीन? दुकानात राहीन हा, माह्याजवळ."

मित्रांनो, नवं जरूर आणा. नव्याची ताकद पाहून खुल्या मनाने वाहवा करा, मीही करतो. पण जुन्याला काढताना घाईने ओढू नका, त्याच्या पिना वाकवू नका, कचऱ्यात फेकू नका. त्याच्या अंगात कुठलं काम शिल्लक आहे, हे नवं घरात आल्याशिवाय कधी कधी कळतच नाही.

परवाच रोशनच्या दुकानात एका शाळेचा संगणक आला. नवा प्रोसेसर बसवला, तर पडदा काळा. रोशनने मला डबीतून काढलं. मी खोबणीत बसलो, बोर्डाला नव्याचं नाव सांगितलं आणि उठून त्याला जागा दिली.